वाचून पाहावयाचे गाव : रिद्धपूर
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावी प्रथमच येणारा प्रवासी साहजिकच एक प्रश्न विचारतो : "येथे पाहण्यासारखे काय आहे?" प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितकेसे सोपे नाही. अजिंठ्यासारखी चित्रे येथे नाहीत, वेरूळसारखे कोरीव लेणे नाही, गाविलगडासारखा बुलंद किल्लाही नाही. येथे मठ आहेत, देवळे आहेत, जुन्या विहिरी आहेत आणि ज्यांच्यापुढे भाविक नतमस्तक होतात असे साधे ओटे आहेत. प्रवासी घटकाभर इकडे तिकडे फिरतो, एखाददुसरे छायाचित्र घेतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. मराठी भाषेचा आद्य गद्यग्रंथ ज्या भूमीवर सिद्ध झाला, त्या भूमीवरून आपण चालत गेलो, याची त्याला जाणीवही होत नाही.

यात दोष गावाचा नाही आणि प्रवाशाचाही नाही. काही गावे डोळ्यांनी पाहावयाची असतात, तर काही गावे वाचून पाहावयाची असतात. रिद्धपूर हे दुसऱ्या प्रकारचे गाव आहे. अशा गावाकडे माणसे यावीत, त्यांनी ते नीट पाहावे आणि त्यांच्या येण्याने गावाचे हितच व्हावे, असे वाटत असेल तर प्रथम काय करावयास हवे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गावाचे थोरपण

रिद्धपूरचा इतिहास महानुभाव पंथाच्याही पूर्वीचा आहे. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्यकालातील, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एक ताम्रपट रिद्धपूर येथे मिळाला. इतिहासाचे अभ्यासक त्यास 'रिद्धपूर ताम्रपट' या नावानेच ओळखतात. नलवंशीय राजा भवत्तवर्मा याचाही ताम्रपट येथूनच उजेडात आला. वऱ्हाडातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने भारताच्या प्राचीन इतिहासाच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे.

गावाला खरे थोरपण आले ते तेराव्या शतकात. गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, त्यांचे वास्तव्य या गावी होते. त्यांचे वागणे लौकिक रीतीस सोडून होते. ते गावाच्या आळीआळीतून हिंडत, मुलांत मूल होऊन खेळत, कोणाच्याही घरी जात, मिळेल ते खात आणि देवळांतील देवांशीही सवंगड्याप्रमाणे वागत. जातीची उच्चनीचता त्यांनी मानली नाही. परंपरा असे सांगते की, भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव हा रामटेकच्या यात्रेस निघाला असता वाटेत रिद्धपुरास त्याला गोविंदप्रभूंचे दर्शन घडले आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. हाच हरिपाळदेव पुढे श्रीचक्रधरस्वामी या नावाने महाराष्ट्रास ज्ञात झाला.

चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केल्यानंतर नागदेवाचार्य व अन्य अनुयायी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येऊन राहिले. स्वामींच्या आठवणी पुसून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या एकत्र करण्याचे कार्य हाती घेतले. ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांना त्यांना विचारून, पडताळून त्यांनी एकेक लीळा नोंदविली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात रिद्धपूर येथील वाजेश्वरी या स्थानी 'लीळाचरित्र' आकारास आले. मराठीतील आद्य गद्यचरित्र ते हेच. गोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनीच सिद्ध केले. याच गावी गोविंदप्रभूंच्या मनात विवाहाची इच्छा उत्पन्न झाली असता महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहावरील 'धवळे' रचले आणि मराठीची आद्य कवयित्री हा मान मिळविला.

या सर्व वाङ्मयाची भाषा मराठी होती, हे योगायोगाने घडले नाही. संस्कृतात रचना करू शकणारे पंडित पंथात होते. परंतु शास्त्र संस्कृतात गेले तर साध्यासुध्या स्त्रिया व सामान्य जन त्यास मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. ज्ञान सामान्यांच्या भाषेत असावे, हा निर्णय सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी घेतला, त्यांचे रिद्धपूर हे प्रमुख स्थान होते.

पुढे मात्र हे वाङ्मय दीर्घकाळ दृष्टीआड राहिले. पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिल्या आणि श्रद्धेने जपल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि या ग्रंथभांडाराचे दार अभ्यासकांना उघडे झाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने व डॉ. वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय संशोधून प्रसिद्ध केले. डॉ. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रकाशित केले. अमेरिकेतील विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या शीर्षकातच रिद्धपूरचे नाव आहे. तात्पर्य, जगाच्या पाठीवरील अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रिद्धपूर पोहोचले आहे. शेजारच्या तालुक्यातील शाळेत ते पोहोचले आहे काय, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावा.

स्थळांची जुनी नोंद

पर्यटनाच्या दृष्टीने आणखी एका ग्रंथाचा विचार आवश्यक आहे. तो ग्रंथ म्हणजे 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातील या गद्यग्रंथात स्वामींच्या संचाराने पुनीत झालेल्या स्थानांची नोंद आहे. कोणते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, तेथून दुसरे स्थान कोणत्या बाजूस, अशा बारकाव्याने ती केलेली आहे. स्थान म्हणजे जेथे स्वामी बसले, निजले, जेवले, बोलले ती जागा. तेथे भव्य मंदिर असेलच असे नाही. बहुधा एक ओटा असतो. परंतु जाणत्या भाविकास तो ओटा दिसताच त्या ठिकाणची लीळा आठवते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भूमीचे इतके जुने आणि इतके तपशीलवार वर्णन अन्यत्र क्वचितच सापडेल.

म्हणजे रिद्धपुरास मार्गदर्शकाची उणीव नाही. मार्गदर्शक पुस्तक सहाशे वर्षांपूर्वीच लिहून झाले आहे. उणीव आहे ती पोथीतील शब्द आणि जमिनीवरील जागा यांची सांगड सामान्य प्रवाशास घालून देणाऱ्या व्यवस्थेची. ही सांगड आज पंथातील महंत व वयोवृद्ध ग्रामस्थ यांच्या स्मरणात आहे. ती लिहून ठेवली गेली नाही तर एका पिढीच्या अंतराने ओटा उरेल, परंतु तो कशाचा, हे सांगणारा उरणार नाही.

जपानच्या खेड्यांकडे पाहताना

हा प्रश्न केवळ रिद्धपूरचा नाही. कमी परिचित, परंतु संस्कृतीने समृद्ध अशा खेड्यांचा प्रश्न जगात अनेक ठिकाणी उभा राहिला. त्याची विचारपूर्वक उकल करणाऱ्या देशांत जपानचा उल्लेख करावा लागेल. वऱ्हाडास जपान अगदीच परका नाही. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाचे संस्थापक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले होते. त्याच वर्षी त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. ज्या हातांनी खेड्याच्या उत्थानाचा ग्रंथ लिहिला, त्याच हातांतील खंजिरीचा नाद जपानमध्येही निनादला, ही गोष्ट या जिल्ह्यास अभिमानास्पद आहे.

आज जपानला जाणारे मराठी प्रवासी पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि फुजी पर्वत असतात. ते पाहावेतच. परंतु खेड्याच्या कारभाऱ्याने, शिक्षकाने आणि ग्रामविकासाच्या अधिकाऱ्याने जपानमध्ये पाहण्याजोगे जे आहे, ते बहुधा मोठ्या रेल्वे स्थानकांपासून दूर आहे. त्यांपैकी चार ठिकाणांचा येथे विचार करू.

पहिले ठिकाण तोनो. उत्तरेकडील इवाते प्रांतातील डोंगरांनी वेढलेला हा शेतकरी प्रदेश. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी तेथील सासाकी किझेन या तरुणाच्या तोंडून ऐकलेल्या ११९ कथा व आठवणी १९१० साली 'तोनो मोनोगातारी' या नावाने प्रसिद्ध केल्या. नदीतील जलचर भुते, घरात वावरणारे बालदैवत, डोंगरात हरवलेली माणसे अशा त्या कथा आहेत. तोनोत डोळे दिपविणारे काही नाही. परंतु कथेतील ओढा कोणता, घर कोणते, देऊळ कोणते हे गावाने जपले. १९८० साली तेथे संग्रहालय झाले, वृद्ध स्त्रीपुरुष तेथील बोलीतच कथा सांगू लागले आणि एका पुस्तकाच्या बळावर तो प्रदेश देशभर ओळखला जाऊ लागला. ऐकलेल्या आठवणी जशाच्या तशा नोंदविणारा ग्रंथ आणि त्या ग्रंथातील जागा जपणारा प्रदेश, हे साम्य पाहिले की म्हाइंभटांची आणि रिद्धपूरची आठवण आल्यावाचून राहत नाही.

दुसरे ठिकाण त्सुमागो. एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या नाकासेंदो मार्गावरील हे मुक्कामाचे गाव. रेल्वे आली, वाहतूक दुसरीकडून वळली, गाव ओस पडू लागले. १९६८ च्या सुमारास जुन्या घरांच्या दुरुस्तीस आरंभ झाला. १९७१ साली ग्रामस्थांनी एकत्र येऊन स्वतःची सनद केली : जुनी घरे विकावयाची नाहीत, भाड्याने द्यावयाची नाहीत आणि पाडावयाची नाहीत. शासनाने त्या गावास संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला तो १९७६ साली, म्हणजे ग्रामस्थांच्या निर्णयानंतर पाच वर्षांनी. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी गावाने ठरविले, मग शासनाने साथ दिली.

तिसरे ठिकाण शिराकावा-गो. जोडलेल्या हातांसारख्या उतरत्या, गवती छपरांच्या उंच घरांसाठी हे खोरे प्रसिद्ध आहे. तेथेही १९७१ साली ग्रामस्थांनी असाच निर्धार केला. छपराचे गवत बदलण्याचे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नसते. सारे गाव मिळून ते करते. या परस्पर श्रमदानास तेथे 'युई' म्हणतात. आपल्याकडील इर्जिकीशी तिचे नाते सहज जुळेल. १९९५ साली या गावाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. परंतु कीर्तीबरोबर गर्दीही आली. अखेर हिवाळ्यातील दीपोत्सवासाठी २०१९ पासून आगाऊ नोंदणी करणाऱ्यांनाच प्रवेश देण्याची व्यवस्था करावी लागली. प्रसिद्धी मिळविण्याइतकेच ती आवरणेही अवघड असते, हा या गावाचा धडा.

चौथे ठिकाण शिकोकू बेट. कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, या आठव्या-नवव्या शतकातील बौद्ध आचार्यांच्या स्मरणार्थ तेथे ८८ मंदिरांची परिक्रमा केली जाते. तिची लांबी सुमारे १,२०० किलोमीटर आहे. वाटेवरील गावकरी अनोळखी यात्रेकरूस फळ, चहा, जेवण किंवा थोडे पैसे देतात. त्या आतिथ्यास 'ओसेत्ताई' असे नाव आहे. यात्रेकरू प्रत्येक मंदिरात आपल्या वहीत हस्ताक्षर व मुद्रा घेतो. परिक्रमा पायी करणारा भाविक आणि केवळ निसर्ग पाहावयास आलेला परदेशी प्रवासी, दोघेही त्याच वाटेने चालतात. परंतु वाट भाविकाची आहे, हे दुसरा विसरत नाही.

अनुकरण नव्हे, बोध

जपानचे अनुकरण करावे असा याचा अर्थ नाही. तेथील संपत्ती, हवामान व प्रशासन वेगळे आहे. शिवाय रिद्धपूर हे जिवंत श्रद्धेचे स्थान आहे. महाराष्ट्रातूनच नव्हे, तर 'जय कृष्णी' या नावाने पंथ जेथे ओळखला जातो त्या पंजाबातूनही महानुभाव अनुयायी येथील स्थानांना वंदन करतात. त्यांच्यासाठी हा प्रेक्षणीय स्थळांचा समूह नाही, तर नमस्काराची जागा आहे. म्हणून येथे जे काही करावयाचे, ते मठांच्या व पंथीयांच्या संमतीने आणि त्यांच्या आचारास बाध न आणता करावयास हवे.

तथापि, बोध स्पष्ट आहे. चारही ठिकाणी गावाने नवे आकर्षण उभारले नाही. जे होते त्याचा अर्थ सांगितला आणि जे होते ते हातचे जाऊ दिले नाही. जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनाचा व पर्यटनविकासाचा प्रकल्प १९९२ साली सुरू झाला, हे अनेकांना ठाऊक असेल. परंतु अशा मोठ्या निधीचा ओघ जगप्रसिद्ध स्थळांकडेच वाहतो. लहान गावाने त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. लहान गावाचे भांडवल म्हणजे त्याची स्मृती. आणि ती टिकविण्यास लागणारा खर्च वही-लेखणीचा आहे.

रिद्धपूरच्या बाबतीत ही गोष्ट आता तातडीची झाली आहे. मराठी भाषा विद्यापीठ येथे स्थापन करण्याची घोषणा राज्य शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात केली आणि २०२४ साली विद्यापीठास पहिले कुलगुरू लाभले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. गावाच्या दृष्टीने हा भाग्याचा योग आहे. परंतु जेथे विद्यापीठ येते तेथे इमारती येतात, रस्ते रुंद होतात, दुकाने वाढतात, जमिनीचे भाव चढतात. या ओघात एखादी जुनी विहीर बुजली, एखादा बोळ नाहीसा झाला, एखादे आळीचे नाव बदलले तर ते कोणी जाणूनबुजून केलेले असणार नाही. नोंद नव्हती म्हणून घडलेले असेल. ज्या भाषेसाठी विद्यापीठ आले, त्या भाषेची जन्मखूण त्याच धांदलीत पुसली जाऊ नये, एवढीच दक्षता हवी.

काय करता येईल

पहिले काम ग्रामपंचायतीचे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. त्याच धर्तीवर गावाची स्थान-नोंदवही तयार करता येईल. प्रत्येक स्थान, मठ, विहीर, देऊळ व आळी यांचे प्रचलित नाव, जुने नाव, जागेची चतुःसीमा, तेथील लीळेचा थोडक्यात उल्लेख, सद्यःस्थिती व देखभाल कोणाकडे, एवढे रकाने पुरेत. पोथीत दिशा दिलेल्या आहेत; त्या प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहाव्यात. ही नोंदवही ग्रामसभेपुढे वाचून मंजूर करून घ्यावी. ग्रामसभेत वाचली गेलेली नोंद ही साऱ्या गावाची होते.

दुसरे काम शिक्षकांचे. इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून जागांची नावे व आठवणी विचारून लिहून आणाव्यात, हा प्रकल्प कोणत्याही शाळेस सहज करता येण्याजोगा आहे. दोन आजींनी एकाच जागेची दोन वेगळी हकिकत सांगितली तर दोन्ही लिहाव्यात. खरी कोणती हे ठरविण्याची घाई करू नये. अशा कामातून विद्यार्थ्यांस इतिहास म्हणजे काय हे पुस्तकाहून अधिक कळेल. पुढे हीच मुले प्रवाशास गाव दाखवू शकतील. बाहेरून आणलेला मार्गदर्शक पाठ केलेले बोलतो. गावचा मुलगा वऱ्हाडी बोलीत जे सांगेल, ते ऐकण्यासाठी भाषेचा अभ्यासक मुद्दाम येईल.

तिसरे काम अधिकाऱ्यांचे. रस्ता, नाली, जलवाहिनी अथवा इमारत यांचा आराखडा करताना ही स्थान-नोंदवही समोर ठेवावी. मोठ्या कमानी व रंगीत फलक यांपेक्षा प्रत्येक स्थानाजवळ सुवाच्य मराठीत चार ओळींचा फलक अधिक उपयोगी. हस्तलिखित पोथ्यांचा प्रश्न नाजूक आहे. पोथी ही धारकाची श्रद्धेची ठेव असते. तिची नोंद, छायाचित्रण वा जतन हे धारकाच्या संमतीनेच व्हावे आणि पोथी शक्यतो गावातच राहावी. शतकानुशतके ज्यांनी हे धन जपले, त्यांच्यावर विश्वास ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

चौथा प्रश्न मुक्कामाचा. प्रवासी मुक्कामास राहिला तरच गावास चार पैसे मिळतात. त्यासाठी मोठे हॉटेल उभारण्याची आवश्यकता नाही. निवास व न्याहारी योजना आहे. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. साताऱ्याच्या भिलार गावाने २०१७ साली पुस्तकांचे गाव होताना आपल्या घरांतील खोल्या वाचकांसाठी खुल्या केल्या, हे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. मोर्शी-वरुडचा पट्टा संत्र्यांचा. आंबिया बहराची फळे पावसाळ्यानंतर येतात आणि मृग बहराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उन्हाळ्याची काहिली वगळता प्रवासास योग्य असलेले महिने आणि बागा फळांनी लदलेले महिने अशा रीतीने एकच आहेत. सकाळी स्थानदर्शन, दुपारी महिला बचत गटाने रांधलेले रोडगे व वांग्याची भाजी, सायंकाळी संत्र्याच्या बागेतील फेरफटका, हा कार्यक्रम नागर प्रवाशास पंचतारांकित सोयीहून अधिक संस्मरणीय वाटेल. मात्र या पट्ट्यातील भूजलाचा प्रश्न सर्वज्ञात आहे. किती पाहुण्यांना पुरेल एवढे पाणी गावात आहे, याचा हिशेब आधी करावा आणि तेवढ्याच पाहुण्यांना आमंत्रण द्यावे. शिराकावा-गोला जे उशिरा करावे लागले, ते रिद्धपुरास आरंभीच करता येईल.

एका गावापुरते नव्हे

रिद्धपूर एकटे नाही. याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आणि तेथून पंढरपूरच्या आषाढी वारीस पालखी जाते. महदाइसेने रिद्धपुरात जिच्या विवाहाचे धवळे गाइले, तिचे माहेर त्याच जिल्ह्यात असावे, हा योग किती हृद्य आहे! मोझरीस 'ग्रामगीता'कारांचा आश्रम आहे. अमरावतीस, ज्यांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे स्वच्छ केली, त्या संत गाडगेबाबांची समाधी आहे. अचलपूर ही एकेकाळची इमादशाहीची राजधानी; तिच्या पाठीशी गाविलगड आणि मेळघाट. अकोला जिल्ह्यात नरनाळ्याचा किल्ला आणि बाळापूरची छत्री आहे. यांपैकी प्रत्येक ठिकाण स्वतंत्रपणे अर्ध्या दिवसाचे. परंतु एका सूत्रात गुंफली तर वऱ्हाडची चार दिवसांची अर्थपूर्ण सहल होते. शिकोकूच्या यात्रेकरूप्रमाणे प्रवाशाजवळ एक वही असावी आणि प्रत्येक गावाच्या शाळेने वा ग्रामपंचायतीने तिच्यात आपली मुद्रा उमटवावी, अशी साधी योजनाही या गावांना परस्परांशी जोडू शकेल. अमरावती-नरखेड रेल्वेमार्ग चांदूर बाजार व मोर्शी परिसरातून जात असल्याने रेल्वेने येणाऱ्यासही हा भाग आता दूर राहिलेला नाही.

अर्थात, या सर्वांचा आरंभ प्रवाशांपासून होत नाही. तो ग्रामस्थांपासून होतो. ज्या गावास आपल्या जागांची नावे ठाऊक नाहीत, ते गाव पाहुण्यास काय दाखविणार? म्हाइंभट प्रवासी गोळा करावयास निघाले नव्हते. एक आठवण हरवू नये म्हणून ते माणसामाणसांकडे जाऊन विचारीत होते. त्यांच्या त्या चिकाटीमुळे मराठीस पहिला गद्यग्रंथ मिळाला. आज रिद्धपुरात, आणि वऱ्हाडातील प्रत्येक जुन्या गावात, तेच काम लहान प्रमाणात पुन्हा करावयाचे आहे. येत्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर स्थान-नोंदवहीचा विषय घेण्यास कोणत्याही नव्या शासन निर्णयाची आवश्यकता नाही. सरपंचांनी विषय मांडावा, शिक्षकांनी वही उघडावी आणि वडीलधाऱ्यांनी सांगावयास सुरुवात करावी. त्यानंतर येणारा प्रवासी "येथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारील, तेव्हा गावातील कोणतेही शाळकरी मूल त्याचे बोट धरून त्याला पहिल्या ओट्यापाशी नेऊ शकेल.